छातीतली धडधड आणि लपवलेली गोष्ट

रविवारची पहाट, साडेतीनचा सुमार. अपघात विभागातून निवासी डॉक्टरचा फोन आला म्हणून मी खाली आले. खाटेवर २४ वर्षांचा एक तरुण छातीवर हात दाबून बसला होता. शर्ट घामानं भिजलेला, ओठ कोरडे, पाय एकसारखे हलत होते. सोबतच्या दोन मित्रांनी कारण आधीच ठरवून टाकलं होतं. "मॅडम, गॅस झालाय. रात्री बिर्याणी जास्त झाली." वाटेत त्याला सोडाही पाजून झाला होता. थोड्या वेळानं धावतपळत आई आली. "आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही हो," ती न विचारताच म्हणाली.

नाडी मिनिटाला १३८. रक्तदाब १७०/११०. ईसीजीमध्ये ठोके वेगवान होते, त्यापलीकडे ठळक असं काही नव्हतं. पण भरपूर उजेडातही त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसत होत्या आणि तो सारखे दात आवळत होता. बिर्याणीनं असं होत नाही. मी सगळ्यांना पडद्याबाहेर पाठवलं आणि त्याच्याजवळ बसले. "हे बघ, मी पोलीस नाही आणि तुझी आईही नाही. तू काय घेतलंस ते कळलं तर तुला कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं नाही, ते मला ठरवता येईल. बोल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एमडी. नाकातून. तीनदा. वर दारू." आणि लगेच पुढचा प्रश्न, "मॅडम, मी मरणार का?"

हा प्रश्न आता आम्हाला नवा राहिलेला नाही. असा प्रश्न मनात असलेला, पण तो कुणाला विचारायची सोय नसलेला वाचकही हा लेख वाचत असेल, असं धरून मी लिहिते आहे.

दोन अक्षरांची पावडर

एमडी म्हटलं की माझ्या पिढीच्या डॉक्टरांना आपली पदवी आठवते. आता ही अक्षरं पोलिसांच्या बातम्यांत जास्त दिसतात. हे मेफेड्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनणारं उत्तेजक रसायन. 'म्याव म्याव' हे त्याचं दुसरं नाव. भारतात २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, यादीत आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कारखाना उघडकीस आणला, तेव्हा हे प्रकरण केवढं मोठं आहे आणि किती जवळ आलं आहे, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

कोकेन, एमडी, मेथॲम्फेटामिन, 'एक्स्टसी'च्या गोळ्या ही सगळी उत्तेजकं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असली तरी हृदयावर ती साधारण एकाच वाटेनं येतात. संकटात सापडल्यावर आपलं शरीर ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं सोडतं. त्यामुळे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. संकट टळलं की ही रसायनं परत शोषली जातात आणि सगळं शांत होतं. उत्तेजकं हे शोषण अडवतात आणि काही तर साठाही बाहेर ढकलतात. मोरीचं भोक बुजवून नळ सोडून द्यावा, तसा प्रकार.

हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं. ठोके १४०वर गेले की हीच विश्रांती आखडते. म्हणजे काम दुप्पट आणि जेवायला वेळ कमी. कोकेनमुळे त्याच वेळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांना पेटका येऊ शकतो, रक्तातल्या बिंबिका चिकट होऊन गुठळी धरू शकते आणि ठोक्यांचा विजेचा मार्गही बिघडू शकतो. सोबत दारू असेल तर यकृतात दोहोंपासून कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त त्रास देतं. 'दारूनं चढलेलं उतरतं' ही मित्रमंडळींतली समजूत म्हणूनच घातक आहे.

एमडीचा असर दोन-तीन तासांत ओसरतो. मग पुन्हा घेण्याची तलफ येते. एका रात्रीत तीन-चार वेळा घेतलं जातं ते यामुळे. शिवाय पुडीत नेमकं काय आहे आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

भीती की झटका?

अशा वेळी छातीत धडधडलं म्हणजे हृदयविकाराचा झटकाच आला, असं नाही. अनेकदा ती पॅनिकची लाट असते. एकाएकी भीती दाटून येते, श्वास भराभर होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, 'आता मी जातो' असं वाटतं. ही लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते.

मग घरीच थांबून वाट पाहावी का? नाही. त्याचं कारण आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत कोकेननंतर छातीत दुखतं म्हणून आलेल्या २४६ जणांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४ जणांना, म्हणजे साधारण शंभरात सहा जणांना, खरोखरच झटका आलेला होता. म्हणजे ९४ जणांचं हृदय त्या घडीला वाचलं होतं, हा दिलासा. पण दुखणं कुठे आहे, कसं आहे, किती वेळ आहे यावरून ते सहा जण वेगळे काढता येत नव्हते. तपासणी करूनच ते कळलं. अनुभवी डॉक्टरांना जे नुसतं ऐकून ठरवता आलं नाही, ते पार्टीतल्या मित्रांना पहाटे तीन वाजता कसं ठरवता येणार?

दुसरा अभ्यास १९९९चा. कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या धोक्याच्या २४ पट होतो, असं त्यात दिसलं. धडधाकट तरुणाचा एरवीचा धोका फार लहान असतो, त्यामुळे २४ पट होऊनही बहुतेक जण सुटतात. पण जो सुटत नाही, तो अनेकदा तरुण असतो आणि त्याला आधी बहुधा कसलीही सूचना मिळालेली नसते. हे आकडे कोकेनचे आहेत. एमडीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण हृदयावर ताण येण्याची रीत दोहोंची जवळची आहे.

म्हणून उत्तेजक घेतल्यानंतर पुढच्यापैकी काहीही झालं, तर वाट पाहू नये. छातीत दाब किंवा दुखणं दहा-पंधरा मिनिटांहून जास्त टिकणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणं. दम लागणं. चक्कर येऊन पडणं. स्वस्थ बसूनही नाडी १२०च्या वर राहणं किंवा ठोके वेडेवाकडे पडणं. पाठीत फाटल्यासारखी कळ. अचानक उठलेली प्रचंड डोकेदुखी, बोबडी वळणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं. फिट. अंग तापणं आणि असंबद्ध बडबड. यांतलं शेवटचं लक्षण लोक 'नशा जास्त झाली' म्हणून सोडून देतात. वास्तविक शरीराचं तापमान बेफाम वाढणं हे उत्तेजकांनी होणाऱ्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे.

१०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. ती येईपर्यंत रुग्णाला मोकळ्या हवेत, गर्दीगोंगाटापासून दूर बसवा. अंग गरम लागत असेल तर जाड कपडे काढा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, वारा घाला. बेशुद्ध असला तरी श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरानं आणि भराभर दाब द्यायला सुरुवात करा. त्याला स्वतः गाडी किंवा बाइक चालवू देऊ नका आणि 'झोपला की उतरेल' म्हणून एकट्याला खोलीत सोडू नका.

घरातल्या डब्यातलं औषधही देऊ नका. आजोबांची ठोके कमी करणारी गोळी, आजीची झोपेची गोळी, कुणीतरी सुचवलेलं ॲस्पिरीन, यांपैकी काहीच नको. ॲस्पिरीन आम्ही रुग्णालयात देतो, पण मेंदूत रक्तस्राव किंवा महाधमनी फाटण्याची शंका नाही, हे पाहून.

खरं सांगण्याची किंमत

आमच्या त्या तरुणाकडे परत येते. मी खाली यायच्या आत निवासी डॉक्टरनं ठोके आणि रक्तदाब पाहून प्रोप्रॅनोलॉल द्यायचा विचार केला होता. एरवी अशा रुग्णाच्या बाबतीत हा विचार वावगा नाही. पण उत्तेजकांचा अंमल चालू असताना या गटातली औषधं रक्तवाहिन्या सैल ठेवणारा दरवाजा बंद करतात आणि आकसवणारा उघडाच राहतो. रक्तदाब आणखी चढू शकतो, हृदयाच्या वाहिन्या आणखी आवळू शकतात. हा धोका नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण असं औषध अशा वेळी डोळे झाकून देऊ नये, यावर नाही. 'गॅस झालाय' या दोन शब्दांनी आमचा उपचार चुकीच्या वाटेला लागत होता. निवासी डॉक्टरची त्यात चूक नव्हती. तिला जे सांगितलं गेलं, त्यावर ती चालली होती.

खरं कळल्यावर उपचार सोपे झाले. अशा वेळी पहिलं औषध बहुधा हृदयाचं नसतंच. मेंदूची खळबळ शांत करणारं, डायझेपामच्या गटातलं इंजेक्शन दिलं की ठोके आणि रक्तदाब दोन्ही उतरू लागतात. गरजेप्रमाणे ॲस्पिरीन आणि रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन देता येतं. मात्र कुणी रात्री सिल्डेनाफिलसारखी, कामोत्तेजक म्हणून मिळणारी गोळी घेतली असेल, तर नायट्रोग्लिसरीननं रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. म्हणजे तेही सांगायलाच हवं, कितीही लाज वाटली तरी.

'लघवी तपासली की कळेलच ना,' असं एक मित्र मला म्हणाला होता. कळेलच असं नाही. नेहमीच्या झटपट चाचण्यांत मेफेड्रोन अनेकदा सापडत नाही. रुग्णाचं तोंड हीच आमची सगळ्यांत चांगली चाचणी.

पोलिसांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रुग्ण बेशुद्ध असेल, विषबाधेची शंका असेल तर रुग्णालयाला वैद्यकीय-कायदेशीर नोंद करावी लागू शकते. पण डॉक्टरचं काम जीव वाचवण्याचं आहे, गुन्हा शोधण्याचं नाही. रुग्णानं विश्वासानं सांगितलेलं नातेवाइकांना सांगत सुटण्याचंही नाही. एनडीपीएस कायद्यातच ६४अ हे कलम आहे. व्यसनात अडकलेली व्यक्ती आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद त्यात आहे. शेवटी हिशेब एवढाच, की नोंद झाली तर पुढे वकील गाठता येतो. जीव गेला तर काहीच करता येत नाही.

व्यायामशाळेतली सुई

ही गोष्ट फक्त पार्ट्यांची नाही. गेल्या काही वर्षांत व्यायामशाळेत जाणारी मुलं मेफेंटरमिनची इंजेक्शनं घेताना सापडू लागली आहेत. शस्त्रक्रियेसाठी पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला, तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला बंदी आहे. व्यायामाआधी ते टोचलं की थकवा जाणवत नाही, वजन जास्त उचललं जातं. पण थकवा ही शरीराची घंटा आहे. ती काढून टाकली म्हणून काम थांबत नाही, हृदय विनासूचना राबत राहतं. याची सवय लागते, ठोके बिघडतात, हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो. 'मी नशा करत नाही, बॉडी बनवतो' असं म्हणणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. त्यांच्या छातीत धडधडलं, तर त्यांनीही त्या इंजेक्शनचं नाव डॉक्टरला सांगायला हवं.

रिपोर्ट चांगले, झोप मात्र नाही

आमच्या रुग्णाचे ईसीजी आम्ही पुन्हा पुन्हा काढले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतरानं दोनदा केली. एकदाच करून भागत नाही, कारण ते रक्तात चढायला वेळ लागतो. दुपारपर्यंत सगळं ठीक दिसलं आणि तो घरी गेला.

आठवड्यात तो बाह्यरुग्ण विभागात हजर. मग पुन्हा. मग पुन्हा. तीन आठवड्यांत पाच वेळा. मनगटावर नवं घड्याळ. दर पाच मिनिटांनी त्यात नाडी बघायची. ९० दिसली की घाबरायचं, घाबरला की १०५. "मॅडम, मधेच एक ठोका चुकतो. मग धाडकन लागतो." पदार्थ केव्हाच शरीरातून गेला होता. राहिली होती ती भीती.

ठोका चुकणं बहुतेकांना कधी ना कधी जाणवतं. एक ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात लागतो. जागरण, चहा-कॉफी, सिगारेट, एनर्जी ड्रिंक आणि काळजी यांनी हे वाढतं. सुदृढ हृदयात ते सहसा निरुपद्रवी असतं. मात्र चालताना, जिना चढताना छाती भरून येणं, पूर्वी न लागणारा दम लागणं, पायांवर सूज, शुद्ध हरपणं किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर इको, २४ तासांचा ईसीजी अशा तपासण्या करायलाच हव्यात. दीर्घकाळ उत्तेजकं, विशेषतः मेथॲम्फेटामिन, घेणाऱ्यांचा हृदयस्नायू ढिला पडू शकतो. घेणं थांबवलं आणि उपचार केले, तर त्यांतल्या अनेकांचं हृदय बऱ्याच अंशी सावरतं.

आमच्या तरुणाचा इको उत्तम होता. मी त्याला घड्याळ महिनाभर कपाटात ठेवायला सांगितलं, झोपेची वेळ ठरवून दिली, रोज अर्धा तास भरभर चालायला लावलं. चालून हृदय कुरकुरत नाही, याचा पुरावा त्याला स्वतःच्या पायांनी मिळू द्यायचा होता. आणि मानसोपचार विभागात पाठवलं. "म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड आहे का?" त्यानं विचारलं. "नाही रे. भोंगा वाजून गेला, आग विझली, तरी तुझ्या कानात तो वाजतोय. तो थांबवायचं काम ते करतात."

भीती गेल्यावर काय?

मला जास्त काळजी भीतीची नाही, भीती गेल्यानंतरची वाटते. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. कोकेननंतर छातीत दुखलेल्या, पण फार धोका न दिसलेल्या ३०२ जणांना ९ ते १२ तास निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडलं. पुढच्या ३० दिवसांत हृदयविकारानं त्यांतलं कुणीही दगावलं नाही. बारकाईनं माहिती मिळालेल्या २५६ जणांपैकी चौघांना मात्र झटका आला. त्या चौघांनीही कोकेन घेणं चालूच ठेवलं होतं.

तुमचा रिपोर्ट चांगला आला याचा अर्थ या खेपेला निभावलं, एवढाच. पुढच्या पुडीची हमी तो रिपोर्ट देत नाही. 'मागच्या वेळी कुठे काय झालं' हे वाक्य शनिवारी संध्याकाळी फार पटण्यासारखं वाटतं.

घरच्यांनाही दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी खरं बोलली, तर त्या रात्री तरी तोंडसुख घेऊ नका. त्या रात्री जे ऐकावं लागतं, त्यावरून पुढच्या वेळी आपल्याला सांगायचं की लपवायचं, हे मुलं ठरवतात. सोडायचं म्हटलं तर वाटा आहेत. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६. दोन्ही मोफत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून कुणालाही जाता येतं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. ब्राउन शुगरच्या काळात अनेक घरं तिथून सावरली. पदार्थ बदलले, पण आधाराशिवाय सुटणं कठीण, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. एक लक्षात ठेवा, उत्तेजक थांबवल्यावर काही दिवस मन फार खाली जातं. जीव नकोसा वाटण्याची भाषा कुणी केली, तर ती हसण्यावारी नेऊ नका.

पुढे सात-आठ महिन्यांनी, रात्री दीड वाजता, तोच तरुण अपघात विभागाच्या दारात दिसला. माझ्या पोटात गोळा आला. पण या वेळी तो मित्राला धरून आणत होता. केसपेपर निघायच्या आत, समोर आलेल्या डॉक्टरला तो म्हणाला, "आधीच सांगतो, यानं काय घेतलंय, कधी घेतलंय, आणि वर दारूही आहे."

मित्राला आत नेल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी काही विचारलं नव्हतं. "मधे एकदा घसरलो, मॅडम," तो म्हणाला, "पण त्यानंतर नाही. मंगळवारी मानसोपचारच्या ओपीडीत येतोय." मग त्यानं मनगट पुढे केलं. त्यावर घड्याळ नव्हतं.